देवमाशाची पाठ

थोरलीने देवमासा करायला घेतला तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. नाटकांचे पडदे रंगवण्यात हयात गेलेली बाई. आता कालव्यातल्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा मासा करून संग्रहालयात टांगणार म्हणे. पण कालवा डोळ्यांदेखत तुंबत चालला होता आणि लोक नाकाला रुमाल लावून पुलावरून निघून जात होते. डोक्यावर ही घाण लटकलेली पाहून ते एकदा तरी हादरतील, असं तिला वाटत होतं.

धाकटा भाऊ कुरकुरत का होईना, सोबत आला. काळ्या पाण्यात उतरून तो बाटल्या काढायचा, ती घासायची. त्याच्या पायांना खाजून खाजून जखमा झाल्या. "तुझा मासा मला गिळूनच थांबणार," असं म्हणायचा आणि सकाळी पुन्हा उतरायचा.

कितीही घासलं तरी बाटल्यांचा हिरवट डाग जात नसे. तिला तो हवाच होता. संग्रहालयाच्या संचालकांच्या मात्र डोळ्यांत खुपायचा. उद्घाटन तोंडावर आलेलं, माशाची पाठ अजून उघडी, त्यात हा कळकट रंग. पाठसुद्धा कालव्यातल्याच बाटल्यांनी भरणार, असं तिने त्यांना ठणकावून सांगितलं. त्यांनी नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बहीणभाऊ भरलेली पोती घेऊन मागच्या दाराने आले, तर आवारात पाण्याच्या नव्याकोऱ्या बाटल्यांची खोकी रचलेली. दोन कामगार एकेक बाटली उघडून पाणी गटारात ओतत होते. झाकणं त्या पाण्याबरोबर कालव्याकडे निघाली होती.

ती धावतच आत गेली. अर्धी पाठ काचेसारखी चमकत होती. पक्कड घेऊन ती शिडीवर चढली आणि तारा तोडायला लागली. बाटल्या धडाधड खाली पडू लागल्या. रोज तिला हे सगळं सोडून दे म्हणणारा भाऊ मुकाट्याने शिडी धरून उभा राहिला.

संचालक आले. "बाई, खाली या. मासा आता संग्रहालयाचा आहे."

"मग माझं नाव काढा त्यावरून."

"निमंत्रणं गेली आहेत."

तिने खाली पाहिलं. फरशीभर कोऱ्या बाटल्या पसरल्या होत्या, कोणी ओठाला न लावलेल्या, आणि तिच्याच हाताने कचरा झालेल्या. तिने पक्कड शिडीच्या पायरीवर ठेवली. मग ती खाली उतरली.

उद्घाटन थाटात पार पडलं. माशाखाली उभं राहून लोकांनी हौसेने फोटो काढले; पाठीची चमक सगळ्यांना आवडली. बहीणभाऊ गेले नाहीत. आणलेली पोती त्यांनी घरी परत नेली होती. चिखलाचा माल म्हणून भंगारवाल्याने हात लावला नाही. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि दर्प डोक्यात जाऊ लागला.

"टाकून येऊ का?" भावाने विचारलं.

"कुठे?" ती म्हणाली.

पोती जरा सरकवून त्याने तिला झोपण्यापुरती जागा केली.