जांभळ्या कडीचं इंजिन

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत शाळेच्या दोन व्हॅन उभ्या राहतात. एक आमची, एक समोरच्या लुबनाची. चालवतात नवरेच, पण मी त्या बायकांच्या नावानंच धरते. लुबनाची गाडी थंडीतसुद्धा पहिल्या चावीला सुरू व्हायची. आमची खोकायची, थांबायची, पुन्हा खोकायची, आणि तेवढा वेळ लुबना गॅलरीत केस विंचरत असायची. ती बघत नसेलही. मला मात्र वाटायचं, बघतेय.

हे झबल्यापासूनचं आहे. सांची झाली तेव्हा आई म्हणाली, बाळाला पहिलं झबलं नवं घालायचं नसतं, एखाद्या धडधाकट लेकराचं वापरलेलं घालायचं. आणि मला न विचारता समोर जाऊन लुबनाच्या लाइबाचं पिवळं झबलं घेऊन आली. सांची त्यात इतकी गोड दिसली की मला रडू फुटलं. सगळे म्हणाले, ओली बाळंतीण आहे, होतं असं.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं इंजिन तापून जाम झालं. आतून पार गेलं होतं. त्याच्या थोडं आधी झीशानभाईंनी, म्हणजे लुबनाच्या नवऱ्यानं, गाडीत कंपनीचं कोरं इंजिन बसवलं होतं. अवकाळी पावसात त्यांच्या जुन्यात पाणी शिरलं होतं. आशाबाईंचे दोन नातू आमच्या गाडीत जातात. त्या ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या की शाळा उघडल्यावर बघू, नाहीतर झीशानची गाडी आहेच. त्यांचं बघून बाकीच्या आयाही पोरं हलवणार, आणि मग आमच्या गाडीत एकटी सांची उरणार, हे माझ्या नवऱ्याला, आकाशला, न सांगताच कळत होतं.

मी म्हटलं, आपणही कोरंच घेऊ. आकाश म्हणाला, तेवढी ऐपत नाही. छावणीजवळ मोहियोद्दीनचाचा जुनी इंजिनं उघडून, पिस्टन-बेअरिंग नवे घालून पुन्हा बांधतात, त्यातलं घेऊ.

"त्या गाडीत सांची बसते," मी म्हटलं.

"म्हणूनच तुला संगं नेतो. तुझ्या नजरंतून काय सुटत नाय."

चाचांच्या शेडमध्ये दोन इंजिनं रंग देऊन तयार होती. त्यांनी पहिलं लोखंडी घोडीवर चढवून बॅटरी जोडली. एका झटक्यात सुरू झालं, धूर नाही, काही नाही. मी मान हलवणार, तेवढ्यात ऑइल बघायच्या पट्टीची कडी दिसली. तिच्यावर जांभळं नेलपॉलिश होतं.

तो जांभळा मी ओळखते. पहाटेच्या अंधारात झीशानभाईंना कडी पटकन सापडावी म्हणून लुबनानं लावला होता. गॅलरीतून मी ते पाहिलं होतं, आणि दिवसभर धुमसत होते. नवऱ्यासाठी इतकं साधं काही आपल्याला का सुचू नये म्हणून.

मी आकाशला म्हटलं, हे नको, दुसरं बघू. का, तर म्हटलं आवाज बरोबर वाटत नाही. चाचांनी बॅटरी काढून दुसरं लावलं. तेही सुरू झालं. मी विचारलं, हे कुठल्या गाडीचं?

"ये भंगारातून आलं, बेटा. बांधलंय पक्कं. आधी कुणी कसं चालवलं, ते मला माहीत नाही."

आणि पहिल्याचं मला सगळं माहीत होतं. किती पहाटे मी ते ऐकत पडले होते. लुबनाच्या बांगड्यांचा, तिच्या केसांचा मला कधी एवढा जाच झाला नव्हता, जेवढा त्या आवाजाचा.

"पहिलंच घ्या," मी म्हटलं.

"आता बरा वाटाया लागला का आवाज?" आकाश हसला. मी नाही हसले.

इंजिन बसलं त्या दुपारी आकाश झोपल्यावर मी इंजिनावरची सीट उचलून कडी रिमूव्हरनं पुसून काढली.

शाळा उघडली त्या सकाळी आशाबाई नातवांचे हात धरून फाटकात उभ्या होत्या, ना इकडे ना तिकडे. आकाश सीट उचलून ऑइल बघत होता. लाइबाची पाण्याची बाटली घेऊन लुबना खाली आली, आमच्या गाडीपाशी थांबली आणि कडीकडे बघत हळूच म्हणाली,

"पुसलंस का? राहू द्यायचं ना."

माझे कान तापले. "तुला माहीत होतं?"

"चाचांना मीच बोलले होते, पहिलं हे आकाशभाईलाच दाखवा. थंडीत कधी रुसलं नाही गं ते. तुझी सांची बसते ना त्यात."

आभार मानायचे होते. मी नुसतं "हो" म्हटलं.

आकाशनं चावी फिरवली. पहिल्याच चावीला. आशाबाईंनी क्षणभर कान देऊन ऐकलं आणि दोन्ही नातवांना आमच्या गाडीत चढवलं. त्यांच्यामागून बाकीची पोरंही चढली. सांची खिडकीशी बसून हात हलवत गेली. मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण तेवढ्यात झीशानभाईंची गाडी निघाली. ती सुरू कधी झाली तेच कळलं नाही. कोपऱ्यावर वळताना दिसली, तेव्हा कळलं.

दुपारी आकाश जेवायला आला तेव्हा मी माझं मरून नेलपॉलिश घेऊन खाली गेले. कडीच्या खाचेत थोडा जांभळा अजून उरला होता. त्याच्यावर मी दोनदा हात दिला.