अकरा सेंटिमीटरचा पोचा

गाडी परत करण्याआधी मास्तरणीने ती धुतली, हा तिचा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा असा, की धुऊन झाल्यावर तिने पॉलिशही केलं.

एकोणतीस वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवत होती, म्हणून मास्तरीण. शिकवणीची स्वतःची गाडी सध्या गॅरेजात पडून होती, कारण तिच्या नणंदेने क्लच आणि ब्रेक यांच्यात भेदभाव करायचा नाही असं ठरवलं होतं. नणंद चौसष्ट वर्षांची. लायसनच्या परीक्षेत चार वेळा नापास, चारही वेळा रिव्हर्समध्ये. तिचा नवरा गेल्यापासून त्याची गाडी दारात उभी होती, पण किल्ली मुलाने आपल्याकडे ठेवली होती आणि तो गाडी विकायच्या मागे लागला होता. वादाच्या भरात नणंद बोलून बसली होती, “रविवारपर्यंत लायसन आणलं नाही तर खुशाल विक.” परीक्षा उद्या सकाळी नऊला होती. गाडी आपली आपण न्यायची. म्हणून मास्तरणीने दोन दिवस सरावासाठी भाड्याची गाडी घेतली होती आणि उद्या आठसाठी तीच पुन्हा सांगून ठेवली होती. मध्ये फक्त कंपनीची तपासणी.

तपासणी माणूस नाही, एक कमान करायची. दोन चकचकीत खांब, वर आडवी पट्टी आणि चोवीस कॅमेरे. गाडी खालून सावकाश न्यायची, कमान तिला सासूच्या नजरेने न्याहाळते आणि हिरवा नाहीतर लाल दिवा लावते.

लाल लागला.

“डावं मागचं दार. पोचा, अकरा सेंटिमीटर,” काउंटरवाल्याने पडद्यावरून वाचलं. “आपलं नाव निष्काळजी चालकांच्या यादीत गेलं आहे. उद्याचं बुकिंग रद्द. आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे.”

“निष्काळजी? मी?” मास्तरीण म्हणाली. “भरपाई हवी तर घ्या. पण आधी पोचा दाखवा.”

सोबत आलेल्या नणंदेला धरून तिघं गाडीपाशी गेली. मास्तरणीने दारावरून तळवा फिरवला. गाडी घेताना आणि देताना चारही बाजूंनी असा हात फिरवायची तिची जुनी सवय होती. दार गुळगुळीत होतं.

“दिसत नाहीये,” काउंटरवाल्याने कबूल केलं. “पण नोंद आहे.”

“अकरा सेंटिमीटरचा पोचा दिसत नाही?”

“मोठा आहे ना, एका नजरेत मावत नसेल.”

“अगं, चल घरी,” नणंद म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “विकू दे त्याला गाडी. माझ्या नशिबात रिव्हर्स नाही.”

“वन्सं, तुम्ही गप्प बसा. नशिबाला गिअर नसतो.” मास्तरीण काउंटरवाल्याकडे वळली. “तक्रार कुठे करायची?”

“कमानीकडेच. सात दिवसांत उत्तर देते. नाहीतर फेरतपासणी करता येते. कितीही वेळा. नियमात आकडा घालायचा राहिलाय.”

एवढं मास्तरणीला पुरेसं होतं. ती अंगणाला वळसा घालून पुन्हा कमानीखाली आली. पोचा पुढच्या दारावर सरकला. तिसऱ्या फेरीत दोन झाले. सहाव्या फेरीला कमानीच्या मते गाडीत चौदा पोचे होते आणि ती चालण्याच्या स्थितीत नव्हती. नणंद बोटांवर मोजत होती, बोटं संपल्यावर तिने काउंटरवाल्याची घेतली. शेवटी त्यालाही राहवेना. इकडेतिकडे बघून तो स्वतःच खालून चालत गेला.

“पुढील भाग बाहेर आलेला,” नणंदेने पडद्यावरचं मोठ्याने वाचलं. “ठोकून सरळ करावा.”

“हे मात्र बरोबर आहे,” काउंटरवाला खिन्नपणे म्हणाला.

तेवढ्यात एक दुसरी गाडी परत आली. चिखलाने माखलेली, मागचा बंपर सुतळीने बांधलेला. कमानीने हिरवा दिवा लावला.

मास्तरीण क्षणभर त्या चिखलाकडे बघत राहिली. मग बागेच्या नळाखाली ओंजळभर माती भिजवून तिने आपल्या चकचकीत दारांना फासली. सातवी फेरी. हिरवा. तिने फडक्याने माती पुसली. आठवी फेरी. लाल.

“दार आरशासारखं झालंय,” ती म्हणाली. “कमानीला त्यात काहीतरी दिसतंय.”

गाडी तशीच कमानीत ठेवून ती उतरली आणि दाराकडे पाठ करून समोर बघू लागली. समोर डावा खांब होता. त्यावर गुडघ्याच्या उंचीला एक खोलगट पोचा होता आणि पोच्यात पांढरा रंग लागलेला होता. तिने त्यावर वीत धरून पाहिली: अर्धी वीत, म्हणजे अकरा सेंटिमीटर.

“ही रिव्हर्समधली धडक आहे,” ती म्हणाली. “स्टिअरिंग उशिरा फिरवलं आणि मान भलत्याच बाजूला वळवली. असं करणारा माझ्या हाताखालून एकच गेलाय.”

गडबड ऐकून मॅनेजर बाहेर आला. “मॅडम, आमचं यंत्र चुकत…” त्याने मास्तरणीचा चेहरा पाहिला आणि त्याच्या तोंडून शाळेतल्यासारखं निघालं, “हजर, बाई.”

“डावखुऱ्या! खांबावरचा पांढरा रंग तुझ्याच गाडीचा ना?”

कमानीचं उद्घाटन त्याने स्वतः, स्वतःच्या गाडीने, उलट्या दिशेने केलं होतं. कमान सगळ्यांना तपासायची, कमानीला तपासायचं कुणाच्या कामात लिहिलेलं नव्हतं.

“बाई, हळू बोला ना.”

“आधी माझं नाव यादीतून काढ.”

“माझ्या हातात नाही हो. स्वच्छ गाडीला हिरवा मिळाला तरच नाव आपोआप निघतं.”

“मग तुझा कोट काढ.”

कोट काळा, लोकरीचा होता. मास्तरणीने तो पोच्यावर गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली. आता गाडी आणखी एकदा न्यायची होती, पण एव्हाना मागे नऊ गाड्या येऊन थांबल्या होत्या आणि वळसा घालायची वाट बुजली होती. पुढे मोकळं होतं. म्हणजे कमानीतून पुढे निघायचं आणि तिथून रिव्हर्समध्ये परत आत यायचं.

“मी घेतो,” मॅनेजर म्हणाला.

“तू गाडीपासून दहा पावलं लांब राहा. वन्सं, बसा.”

“मी? वेड लागलंय का तुला? नऊ गाड्या बघतायत!”

“उद्या एकच माणूस बघणार आहे. आज जास्तीचा सराव.”

नणंद बसली, पट्टा लावला. शेजारी मास्तरीण हात मांडीवर ठेवून बसली, आणि तो तिथून हलवायचा नाही असं तिने मनाशी पक्कं केलं. गाडी पुढे गेली, थांबली. रिव्हर्स पडला. नणंदेने डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला, मान पूर्ण वळवली आणि मुंगीच्या चालीने मागे येऊ लागली. कोट वाऱ्यावर हलला. काउंटरवाल्याने डोळे मिटले. खांब डाव्या खिडकीशी आला, सरकला आणि पुढे राहिला.

हिरवा.

पडद्यावरून मास्तरणीचं नाव निघालं. बुकिंग परत आलं, उद्या आठ. नऊ गाड्यांपैकी कुणीतरी हॉर्न वाजवला, कौतुकाने की कंटाळून ते कळलं नाही.

मास्तरणीने उतरून चारही बाजूंनी तळवा फिरवला. नणंद गाडीतच बसून होती. तिने काच खाली केली आणि शर्टातच कुडकुडत उभ्या असलेल्या मॅनेजरला जवळ बोलावलं.

“मान वळवून बघायचं असतं, बाळा,” ती म्हणाली. “कोट उद्या आम्ही गाडी परत करून गेल्यावर सोड.”