देव्हाऱ्यामागची भिंत

"चपला खालीच काढा. आत देव आहेत," चंद्रशेखरकाका म्हणाले.

म्हणून मी त्या ट्रेलरमध्ये अनवाणी चढले. बूट घालून चढले असते तर मला काही कळलंच नसतं.

ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये त्यांच्या घरासमोर, ड्राइव्हवेवर, तो चौदा वर्षांचा पांढरा ट्रेलर उभा होता. आत ओटा, सिंक, एक डबल बेड आणि मागच्या कोपऱ्यात एकावर एक दोन बंक. काकांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'विकायचाय' म्हणून, आणि दहा मिनिटांत माझ्या नवऱ्याने, निहारने, "आम्ही घेतो" लिहून टाकलं. मला विचारलं नंतर, तेही विचारल्यासारखं सांगून. मेमध्ये त्याचे आई-बाबा पुण्याहून येणार होते. आईंना बाहेरचं चालत नाही. म्हणजे ग्रँड कॅनियन दाखवायचं तर स्वयंपाकघर मागे बांधूनच न्यायला हवं.

गाडी मात्र महिन्यापूर्वीच घेऊन झाली होती. तिच्यावरून आमचं आठ दिवस जुंपलं होतं. मी म्हणत होते, ओढायचंच असेल तर मोठा ट्रक घे. "ऑफिसच्या पार्किंगमध्ये ट्रक घेऊन जाऊ? प्लंबर वाटेन मी," असं म्हणून त्याने तीन रांगांची एसयूव्ही घेतली. सेल्समनने सांगितलं होतं, पाच हजार पाउंड ओढते. निहारने तेवढंच ऐकलं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर मी वाचलं. गाडीच्या अंगावर माणसं, सामान सगळं मिळून साडेअकराशे पाउंडांच्या वर नको. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीवर टेकतो, त्याचंच वजन सहाशेच्या आसपास. वर आम्ही दोघं, आमची मुलगी, त्याचे आई-बाबा, पाणी, कुकर, डाळ-तांदूळ. मागे ओढणं वेगळं आणि अंगावर पेलणं वेगळं, हे मी त्याला कागदावर काढून दाखवलं होतं.

"तू ना, काळजीचा पीएचडी कर," तो म्हणाला होता.

काकांनी आत शिरल्या शिरल्या विचारलं, "तुमच्यात इंजिनिअर कोण?"

"दोघंही. मी सिव्हिल, नागपूरची."

"तसं नाही गं. नोकरी कोण करतं?"

निहार हसला. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी हसला.

काका चार दशकं कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात होते. प्रत्येक बटण दाबून दाखवत होते. निहार प्रत्येक बटणाला "वा, काका!" म्हणत होता. मी मागे चालले होते. बंकपाशी पोचले आणि पाय खाली गेला. फार नाही, बोटभर. वरचं लिनोलियम धड होतं, पण खालची फळी पावासारखी दबत होती.

"काका, इथली जमीन मऊ लागतेय."

"गादीवर चालल्यासारखं वाटतं ना? मुद्दाम जाड अंथरलंय."

"खालून ओली असेल. पाणी मुरलंय का कुठून?"

"ॲरिझोनात?" काका निहारकडे बघून म्हणाले. "अरे, हिला सांग, इथे पाऊस किती पडतो ते."

"रुचा, यार, प्लीज," निहार म्हणाला.

पाऊस कमी, पण ऊन छताचं सील फोडतं आणि मग एक वादळ पुरतं. हे मी बोलले नाही, खालच्या बंककडे बघत राहिले. तिथे गादी नव्हती. चौरंग होता, त्यावर लाल कापड, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, चांदीचं निरांजन. मागच्या भिंतीवर कापडी पडदा, चारही कोपऱ्यांत टाचण्या मारलेल्या.

"हे जरा बाजूला केलं तर भिंत बघता येईल," मी म्हटलं.

"देवांना हात लावायचा नाही!" काकांचा आवाज एकदम चढला. "सकाळीच पूजा झालीय."

दाराशी मृणालिनीकाकू उभ्या होत्या. हातात माझ्या ओटीचं ताट. 

"विचार तिला, अडचण तर नाही ना," काका त्यांना म्हणाले.

माझ्या नवऱ्यासमोर, माझ्या चार वर्षांच्या मुलीसमोर! मी निहारकडे पाहिलं. तो छतावरच्या पंख्याचं निरीक्षण करत होता.

"मम्मा, आय वॉन्ट दॅट बंक!" अनिका म्हणाली आणि देवांशेजारी गुडघा टेकून चढायला लागली.

"नको!" काकू ओरडल्या. ताट ओट्यावर आपटून त्यांनी तिला दंडाला धरून खाली ओढलं. मग स्वतःच पुढे होऊन पडद्याच्या दोन टाचण्या उपटल्या.

भिंत चहाच्या रंगाची झाली होती. खाली काळी बुरशी. मी अंगठा टेकवला तर तो आतच गेला.

"चार वर्षं सांगतेय यांना," काकू माझ्याकडे न बघता बोलल्या. "नातू झोपायचा इथे. रात्रभर खोकायचा. हे म्हणायचे, एसीने होतं. मग मीच देव मांडले. देवांच्या जागेवर तरी पोराला निजवणार नाहीत."

"मृणाल, घरात जा."

काकू तिथेच उभ्या राहिल्या.

मला वाटलं, संपलं. पण निहारने घसा खाकरला. "काही हरकत नाही, काका. जुनी वस्तू म्हटली की एवढं चालायचंच. मी करून घेईन दुरुस्त."

"तासाभराचं काम आहे," काका म्हणाले. "बघ, तुला कळतं."

बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. "निहार, सडलेलं आहे ते. आणि गाडीला पेलणार नाहीये."

"मोठी माणसं आहेत ती. मंडळात रोज तोंड दाखवायचंय मला. केवढा अपमान केलास त्यांचा!"

"आणि माझा?"

"ड्रामा नको."

निहार आणि काकांनी मिळून ट्रेलर गाडीला जोडायला घेतला. निहारने आणलेली लिंबं चाकांखाली ठेवली, नारळ बॉनेटवर. काका दांड्याखालच्या जॅकचं हँडल फिरवत गेले, दांडा खाली आला आणि गाडीचा मागचा भाग बसत गेला, बसतच गेला. पुढचे दिवे वर, समोरच्या घराच्या छताकडे बघायला लागले. गाडीत अजून एकही माणूस नव्हतं.

"गाडीला मागे जादा स्प्रिंग टाकून घे. होतं ठीक," काका म्हणाले.

"आता बसा," निहार आम्हाला म्हणाला. "हळू नेतो."

मला दिसत होता तो ग्रँड कॅनियनच्या वाटेवरचा, फ्लॅगस्टाफहून उतरतानाचा घाट. मागून ढकलणारा ट्रेलर, हलकं झालेलं स्टिअरिंग, आणि मागच्या सीटवर अनिका. मी मागचं दार उघडलं. पट्टे सोडले, तिची कार सीट उचलून बाहेर काढली आणि ड्राइव्हवेच्या कडेला, झाडाच्या सावलीत ठेवली. अनिकाला तीत बसवलं.

"काय चाललंय?" निहार दात आवळून म्हणाला.

"तुला न्यायचा असेल तर ने. आम्ही दोघी यात बसणार नाही. आज नाही, मेमध्येही नाही."

"आमच्या वेळी बायका अशा..." काकांनी सुरुवात केली आणि थांबले.

ट्रेलरच्या पायरीवरून काकू उतरत होत्या. दोन्ही हातांत ताट, ताटात देव. चपला पायरीपाशीच होत्या, त्या त्यांनी घातल्या नाहीत. तापलेल्या सिमेंटवरून सावकाश चालत त्या आमच्यापर्यंत आल्या आणि अनिकाशेजारी खालीच बसल्या. ताट मांडीवर.

"मृणाल, लोक बघतायत."

"बघू देत," काकू म्हणाल्या.

निहारने इंजिन सुरू केलं. ते तसंच घुरघुरत राहिलं. बाजूच्या आरशात त्याला आम्ही तिघी दिसत असणार. मग इंजिन बंद झालं. तो उतरला, आमच्याकडे न बघता मागे गेला आणि हँडल उलट फिरवायला लागला. गाडीची पाठ बोट बोट वर येत होती. चाकाखालची लिंबं अजून अख्खी होती.

 चालताना ताटात बाळकृष्ण आडवा झाला होता. काकूंनी तो सरळ केला.