मायनसचा बोल्ट

बाबांचा फोन आला तेव्हा ती कप्तानाच्या बोटीत पोटावर पडून होती. तोंडात स्क्रूड्रायव्हर, दोन्ही हातांत सोडवलेल्या वायरींचा गुच्छ. कप्तान म्हणजे कुठल्या जहाजावरचा कप्तान नव्हे. तीन बोटींचा मालक, आणि टोपी तेवढी कप्तानाची घालायचा, म्हणून सगळे तसं म्हणत. पहिल्या बोटीचं काम बघून उरलेल्या दोन बोटींचं वायरिंग तिला द्यायचं की नाही, ते तो ठरवणार होता. त्यामुळे सकाळपासून तिच्या डोक्याशी उभा होता. धक्क्यावर तिला वायरमनबाई म्हणत. आधी चेष्टेने म्हणायचे, आता कामापुरतं म्हणायचे. सात वर्षांत एवढी प्रगती झाली होती.

"पंप बंद पडलाय," बाबा म्हणाले. घरातला नळ गळतोय, अशा आवाजात.

"तुम्ही कुठे आहात?"

"होडीत."

"ते कळलं. होडी कुठे आहे?"

मागून आत्या ओरडली, "सांग ना रे, बाहेरच्या खडकांपाशी आलोय म्हणून."

बाबांची होडी लाकडी. रंगवायला म्हणून चार महिने जमिनीवर चढवलेली होती आणि कालच पाण्यात उतरवली होती. इतके दिवस उन्हात पडलेलं लाकूड आकसतं, फळ्यांच्या मधे फटी पडतात. पाण्यात दोन-तीन दिवस राहून ते फुगेपर्यंत होडी पाणी घेतच राहते, आणि तोवर तळातला पंप सतत चालू ठेवावा लागतो. म्हणून सकाळी कामावर निघताना होडी बघून तिने बजावलं होतं की दोन दिवस होडी सोडायची नाही. तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण इंजिनाच्या कोपऱ्यात, वायरी असतात तिथे, ताजा निळा रंग दिसला आणि तिचं टाळकं फिरलं. "बाबा, तुमच्या हातात पाना आला की चांगली वस्तू कामातून जाते. निस्तरायचं मात्र मी," असं ती आत्यासमोर बोलून गेली. धक्क्यावर पोचेपर्यंत ती ते विसरलीसुद्धा. ऐकणारा माणूस असलं काही विसरत नसतो. ती गेल्यावर तासाभरात त्यांनी थोरल्या बहिणीला होडीत बसवलं, आणि आपण रंगवलेली होडी कशी झकास पळते ते दाखवायला निघाले.

"इंजिन चालू करा आणि सरळ मागे फिरा."

"इंजिन होत नाही. नुसतं टक करतं."

"बंद कशाला केलं होतंत?"

"चहा प्यायला," बाबा म्हणाले.

तिने फोनचा स्पीकर लावून तो फळीवर ठेवला. कप्तानाने खाली वाकून ऐकलं आणि काही न विचारता आपला फोन काढला. त्याची ही बोट जाऊ शकत नव्हती. तिच्या सगळ्या वायरी हिनेच तासाभरापूर्वी सोडवल्या होत्या. धक्क्यावर दुसरी बोट नव्हती; त्याच्या बाकीच्या दोन्हीही बाहेर होत्या. मासेमारीला गेलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा होता त्याला खडकांपर्यंत पोचायला पाऊण तास लागणार होता. फोन ऐकून तो लगेच निघाला.

"आत्या, पाणी किती आहे?"

"आहे थोडं," बाबा म्हणाले.

"मी आत्याला विचारतेय."

"पोटऱ्यांपर्यंत," आत्या म्हणाली. तिला धाप लागली होती. "बॅटरीची फळी चार बोटं वर आहे. मी काढतेय बादलीने, पण जेवढं काढते तेवढं येतंच आहे बाई."

आत्याला बहात्तर वर्षं पूर्ण झाली होती. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले नव्हते. भरली बादली उचलायची नाही, असं डॉक्टरांनी तीनतीनदा सांगितलं होतं. आत्या दमली की बाबा बादली घेणार, हे उघड होतं. आणि पाणी बॅटरीला लागलं की पंपही गेला, इंजिनही गेलं. पाऊण तास थांबायला वेळच नव्हता.

"बाबा, लाल डब्यात मी ठेवलेला दिवा आहे. बल्बला दोन वायरी लावलेल्या आहेत तो. काढा." डब्याची झाकणं वाजली. "बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावा."

"लागला. लख्ख."

म्हणजे बॅटरीत जीव होता. पंप आणि इंजिन एकदम बंद पडले, तर खोट दोघांच्या सामाईक जागेत असणार. अशी एक जागा तिला लगेच आठवली. बॅटरीची जाड काळी वायर इंजिनाच्या अंगावर एका बोल्टने आवळलेली होती, आणि पंपाची काळी वायरही त्याच बोल्टखाली होती. मायनसचा बोल्ट.

"बाबा, रंग लावताना तो मायनसचा बोल्ट उघडला होतात का?"

"नाही. हातसुद्धा लावला नाही."

उत्तर फार चटकन आलं. दुसऱ्या कुणाकडून आलं असतं तर तिने मान हलवून तरीही तो बोल्ट उघडायला लावला असता. गिऱ्हाईक सांगेल ते ऐकायचं आणि मग स्वतः तपासायचं, हा तिचा धंद्यातला पहिला नियम. पण हे बाबा होते. त्यांनी तिला कधी खोटं सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने बोल्टचा नाद सोडला आणि लाल वायरीच्या मागे लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला प्रकार.

दिव्याचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं मोठ्या स्विचवर. लागला. मग फ्यूजवर. फ्यूजचं झाकण गंजून बसलं होतं, ते निघायला चार मिनिटं गेली. लागला. मग पंपाच्या बटणावर. तिथे बाबांच्या हातून दिवा पाण्यात पडला, तो शोधण्यात आणखी वेळ गेला. मधेच आत्या म्हणाली, "तीन बोटं राहिली." कप्तान घड्याळ बघत होता आणि ते तिला दिसू नये म्हणून हात पाठीमागे नेत होता.

"आता पंपाच्या लाल वायरीवर."

"लागला. चांगला लागला."

तिचा चेहरा उतरला. वीज पंपापर्यंत नीट जात होती. विजेला परत यायलाच वाट नव्हती. म्हणजे काळी वायर, म्हणजे तोच बोल्ट. अठरा मिनिटं फुकट गेली होती, आणि ती तिने घालवली होती.

"बाबा, मायनसचा बोल्ट उघडा."

"एकदा सांगितलं ना तुला. तिकडे काही नाहीये."

"तरी उघडा."

"तू दुसरं काहीतरी बघ."

"अरे, ती म्हणतेय तर उघड ना," आत्या म्हणाली.

"अक्का, तू पाणी काढ. पाना सापडत नाहीये मला."

पाना त्याच लाल डब्यात होता. तिने स्वतः ठेवला होता, दिव्याला लागून. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं तिच्या तोंडावर आलं. ओरडावंसं वाटलं. आणि मग तिला सकाळचं आपलंच बोलणं आठवलं, शब्दन् शब्द, आपल्या आवाजासकट. बोल्ट उघडला तर बाबांनी काय केलंय ते दिसणार होतं. लेकीने सकाळी जे तोंडावर फेकलं ते खरं ठरणार होतं, आणि तेही अक्काच्या देखत. पोटऱ्यांपर्यंत समुद्र आला होता, तरी माणूस तेवढ्यासाठी अडून बसला होता. तिला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

कप्तान हातभर अंतरावर होता. फोनमधला आणि तिच्या तोंडातला प्रत्येक शब्द त्याला ऐकू जात होता.

"बाबा," ती म्हणाली, "ऐका. तो बोल्ट गेल्या आठवड्यात मी उघडला होता. नीट आवळायचा राहिला असणार. माझ्याकडून राहिलंय."

पलीकडे बादली थांबली.

"तू विसरलीस?"

"हो."

"बरं," बाबा म्हणाले. आवाज एकदम निवळला होता. "होतं असं. माणूस आहे, चुकायचंच. बघतो मी." पाना लगेच सापडला.

लोखंडावर लोखंड घसरल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला, मग बाबांनी दम घेतला. बोल्ट निघाला हे तिला आवाजावरून कळलं.

"वायरींच्या टोकांना काय दिसतंय?"

"जरा मळलीत."

"खरवडा. दोन्ही बाजूंनी. पितळ चकाकेपर्यंत. आणि इंजिनावरची जागाही."

आत्याने फळं कापायची सुरी दिली असावी. खरवडण्याचा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. मळ इतका खरवडावा लागत नाही. तो रंग होता. गंज चढू नये म्हणून टोकं सोडवून, पुसून, दोन्ही अंगांनी मन लावून रंगवलेली होती. रंगातून वीज जात नाही; सकाळी बोल्टाच्या उघड्या आट्यांतून कशीबशी गेली असणार. तिला हे सगळं घरात बसून बघितल्यासारखं दिसलं, बाबांचा बाहेर आलेला जिभेचा शेंडासुद्धा.

"एक बोट," आत्या म्हणाली. आता ती रडत होती. "एकच राहिलंय."

"बाबा, आवळा आता. पूर्ण जोर लावा. मग पंप."

तिने डोळे मिटले. फोनमधून आधी वारा आला, मग लाटेचा फटका, आणि मग तो बारीक, एकसुरी गुणगुणाट, जो तिने हजार वेळा ऐकला होता आणि ज्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

"चाललं," आत्या म्हणाली. "पाणी बाहेर चाललं गं बाई."

इंजिन दुसऱ्या झटक्याला चालू झालं. ती तशीच फळीवर कपाळ टेकून राहिली. तिच्या जिवात जीव आला होता.

अर्ध्या तासाने होडी धक्क्याला लागली तेव्हा आठ-दहा माणसं जमली होती. मागोमाग मदतीला निघालेली बोटही आली. आधी आत्या उतरली, कमरेपर्यंत भिजलेली, आणि कुणी दिलेल्या खुर्चीवर बसली. बाबा होडीतच उभे राहून दोर बांधू लागले.

"काय झालं होतं नक्की?" मदतीला गेलेल्याने विचारलं.

"बोल्ट ढिला राहिला होता," बाबा म्हणाले. वर बघितलं नाही.

"कुणाकडून?"

"माझ्याकडून," ती म्हणाली.

माणसं तिच्याकडे बघू लागली. त्यातली निम्मी तिची गिऱ्हाइकं होती. कप्तानाने टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई, रागावू नका," तो म्हणाला. "ही बोट तेवढी जोडून द्या. बाकीच्या दोन बोटींचं तूर्त राहू दे. माणसं असतात हो त्यांच्यावर."

तो वाईट बोलला नव्हता. त्याच्या जागी तीही हेच बोलली असती. तिने मान हलवली आणि हत्यारांची पिशवी उचलायला वाकली. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगणार तरी कुणाला.

"थांबा कप्तान," बाबा म्हणाले.

दोराचं टोक त्यांच्या हातात तसंच होतं. "तो बोल्ट हिने उघडलाच नव्हता. मी उघडला. वायरींची टोकं मी रंगवली, दोन्ही बाजूंनी. हिने मला दोनदा विचारलं आणि दोनदा मी नाही म्हणालो."

"म्हणजे मी तिथे बादल्या उपसत होते तेव्हा तुला ठाऊक होतं?" आत्याने विचारलं.

"हो, अक्का."

आत्याने ओला पदर पिळला. कप्तान समुद्राकडे बघत राहिला. हत्यारांची पिशवी तिथेच ठेवून ती होडीत उतरली. तिथे अजून घोट्याएवढं पाणी होतं आणि पाण्यावर निळ्या रंगाचे कपचे तरंगत होते.

"बाबा, सकाळी मी तसं बोलायला नको होतं."

"सकाळी बोललीस ते लागलं मला," बाबा म्हणाले. "पण आत्ता तू माझ्यासाठी सगळ्यांसमोर खोटं बोललीस, ते जास्त लागलं."

मग त्यांनी दोर तिच्याकडे दिला, कारण त्यांच्या हातून गाठ बसत नव्हती.