उरलेलं खारं पाणी

गुडघे गेले माझे, बाप्पा. तीस वर्षं लोकाईच्या गच्चीवर चढून टाक्या बसवल्या, आता चौथ्या पायरीलेच डोळ्यात पाणी येते. अमरावतीच्या रागिणी मॅडम म्हणजे लेकराईच्या दातांच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "धर्मपालकाका, हा टँक नीट चालला तर दवाखान्यातलं नळाचं सगळं काम कायमचं तुमच्याकडे." तवा मले वाटलं, सुटलो. आता शिडी चढा लागत नाई.

टँक म्हणजे समुद्राच्या मासोळ्या ठेवायचं माणसाएवढं लांब काचेचं घर. रडणारी लेकरं पाहत बसावी म्हणून. खाली कपाटात दुसरी टाकी, तिले सम्प म्हणतात. वरचं पाणी काठावरून पाइपानं खाली येते, गाळून झालं की पंप थे परत वर फेकते. पंप बंद पडला की वरचं जास्तीचं पाणी सारं खाली उतरते, म्हणून सम्प अर्धी रिकामी ठेवा लागते. मीच त्या काचेवर लाल पट्टी चिकटवली आन् झाडूपोछावाल्या शालूले बजावलं, "याच्या वर थेंब नाई."

शालू हसली. "अर्धी रिकामी टाकी? आमच्या इकडं नळ तीन दिवसाआड येते, काका. माही सासू पाहीन तं मलेच घरातून हाकलीन."

मासोळ्या यायच्या आदल्या दिवशी ड्रममधी चार बादल्या मिठाचं पाणी उरलं. मॅडम म्हणाल्या, फेकून द्या. शालू घरी गेली होती. मी बादली मोरीपाशी नेली, पण हातच उचलेना. मी अकोल्याचा. आमच्या लहानपणी नळ आठ-आठ दिवस यायचा नाई, माय आंघोळीचं पाणी बी परातीत धरे. गाळून, मीठ मोजून केलेलं पाणी मोरीत ओतू? पाप लागन म्हटलं. सम्पमधी जागा दिसून राहिली होती. ओतलं. काठोकाठ भरली तवा जीव थंड झाला. पट्टी बुडाली थे दिसलं मले. पण आंग मोडून आलं होतं. पंप तं चालू हाये, उद्या काढू म्हटलं.

सकाळी दहाले लाइन गेली, पंप थांबला. कपाटातून पाणी निघालं थे मॅडमच्या नव्या लाकडी फरशीखाली शिरलं. बाहेर लेकरं घेऊन लोक बसलेले.

"शालू! पट्टीच्या वर कोणी भरलं?"

शालू गुडघ्यावर बसून पुसून राहिली होती. मान वर न करता म्हणाली, "मीच भरलं असन मॅडम. हाताले सवयच हाये."

तिनं कपाटाले बोट लावलं नव्हतं. पण कुठंबी काही सांडलं-फुटलं की नाव तिचंच, वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं तिले सोपं पडत असन.

मी गप होतो. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस." शालूनं नुसती मान हलवली. थे पाहून मले माह्यीच किळस आली.

"मॅडम, थे पाणी मी ओतलं. फेकवलं नाई मले."

"काका, पट्टी तुम्हीच लावली ना?"

"हाव."

त्या ओरडल्या असत्या तं बरं झालं असतं. दाराकडं पाहत म्हणाल्या, "तुमचं सामान घेऊन जा. शालू, तू थांब."

मी बॅग भरली. शालू बादली घेऊन दारापाशी आली. मले वाटलं, दोन गोड शब्द बोलन.

"सांगतलं थे बरं केलं, काका," ती हळूच म्हणाली. "पण मॅडम हाकलून देईपर्यंत गप काहून होते?"

"भेव वाटलं वं," मी म्हटलं.

"हाव," ती म्हणाली आन् पोछा पिळू लागली.