उलटा ठेका

“उलटा ठेका ऐकूनही आपलं माणूस गप्प बसलं, तर समजा काहीतरी बिनसलंय. उठा, दार वाजवा!” एलादियोमास्तर दर रविवारी रेडिओवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात बजावायचे आणि यारित्सा ते हसण्यावारी न्यायची.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पोर्तोरिकन घरांचा रविवार म्हणजे मास्तर. कुठली तबकडी कुठल्या तळघरात भरली, बोंगो कुणी वाजवला, त्याची आई कुठल्या गावची, सगळं तोंडपाठ. गेल्या महिन्यात ते गेले. आता स्टेशनवाले त्यांचे जुने कार्यक्रम लावतात.

यारित्साच्या डोक्यावरच्या घरात डोन्या क्रूसिता, म्हणजे क्रूसिताबाई, एकट्या राहायच्या. कार्यक्रमाची धून लागली, की त्या घर ऊबदार ठेवणाऱ्या, खालपर्यंत गेलेल्या वाफेच्या पाइपवर चमच्याने ठेका धरायच्या. आधी तीन, मग दोन. खालून यारित्साची साथ. ती चुकली, की वरून धडाधड ठोके पडायचे आणि जिन्यात भेटल्यावर टोमणा, “काय गं पोरी, कॉलेजात पाचापर्यंत मोजायला नाही शिकवलं?”

त्या रविवारी धून लागली, मास्तर बोलू लागले. पाइप मात्र मुका.

‘मास्तरांच्या आठवणीने मन भरून आलं असेल,’ यारित्साने स्वतःची समजूत घातली. बाळ नुकतंच झोपलं होतं. त्याचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला तिने चौथ्यांदा त्याच्या छातीवर हात ठेवला. तरी जीव थाऱ्यावर येईना. शेवटी चमचा उचलून तिने मुद्दाम उलटा ठेका दिला. आधी दोन, मग तीन.

बाळ दचकून रडायला लागलं. वर शांतता.

तिने पुन्हा दिला, जोरात. काही नाही. एवढा गुन्हा डोन्या पोटात घालणं शक्यच नव्हतं! बाळाला कडेवर घेऊन, डोन्यांनी ठेवायला दिलेली किल्ली उचलून ती जिना चढली.

डोन्या स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. पाय मुडपलेला, ओठ सुकलेले.

“डोन्या! कधीपासून?”

“कॉफी ठेवायला उठले, तेव्हापासून. तुझा तो ठेका ऐकला गं. दोनदा! चमचा हाताला लागला असता ना...”

“तर?”

“तुझ्या डोक्यात घातला असता.”

यारित्साला हसू आणि रडू एकदमच फुटलं. रुग्णवाहिका येईपर्यंत डोन्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. रेडिओवर मास्तर नेहमीसारखे एकेकाला नमस्कार सांगत होते. “...आणि पाइप बडवणाऱ्या आमच्या क्रूसिताला!”

“मेला,” डोन्या पुटपुटल्या, “पण विसरला नाही.”

तुमच्याही वर कुणी एकटं राहतं का? आज त्यांच्या घरातून काही ऐकू आलं? नसेल, तर हे वाचणं राहू द्या. आधी वर जाऊन या.