मनगटावरचं झाड

गुणाबाईच्या हातात चुडी अंगठ्याच्या सांध्यापर्यंत आली आणि नेमकं तेव्हाच रहीमभाईंच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. घड्याळावर लिहिलं होतं, ‘आपण बराच वेळ बसला आहात. चला, उठू या!’

“उठू या म्हन्ते!” रहीमभाई करवादले. “बाईचा हात अर्धा फसला हाय अन् हे म्हन्ते उठू या. कुठी जाऊ उठून? हात संगं घेऊन जाऊ का?”

गुणाबाई खदाखदा हसली. लग्न होऊन या भागात आली तेव्हापासून ती गोंडपिपरीच्या बाजारात त्यांच्याचकडे चुड्या भरायची. बल्लारपूरचे रहीमभाई मन्यार म्हणजे हाताला साबणसुद्धा न लावता चुडी चढवणारा माणूस, आणि तिला दुसऱ्या कोणाच्या हातात हात द्यायला आवडत नसे.

“मांगच्या बाजारी तं बदाम दाखवत होतं जी तुमचं घड्याळ,” ती वाकून पाहत म्हणाली. “आज हे झाड कोनतं?”

“तेच तं मी सकाळपासून इचारून राह्यलो!”

मागच्या बाजारापर्यंत घड्याळात खरोखरच लाल बदाम होता आणि त्याच्याखाली हृदयाच्या ठोक्यांचा आकडा. बस, एवढंच. पण गेले कित्येक दिवस फोन विचारत होता की घड्याळाचं अपडेट घ्यायचं का. त्यावर ‘नाही’ असं बटणच नव्हतं, ‘नंतर’ होतं. माणूस ‘नंतर’ तरी किती वेळा म्हणणार? आज पहाटे वैतागून त्यांनी ‘होय’ दाबलं. घड्याळ बराच वेळ काळंठिक्कर पडलं आणि उजळलं ते बदाम खाऊन. आकडा गेला होता, धडधड बिघडल्याची सूचना गेली होती, आणि त्या जागी चार पानांचं एक हिरवं रोपटं हसत उभं होतं. हो, हसत. त्याला डोळेसुद्धा काढले होते.

रहीमभाईंना झाडाचा राग नव्हता. जंगलाच्या जिल्ह्यात जन्म गेला, झाडं त्यांना नवी नव्हती. पण त्या बदामावर रशिदाचा जीव अवलंबून होता.

रशिदा त्यांची बायको. तिच्या हृदयाला एक खोड होती. चांगलं चाललेलं असताना ते मध्येच ताल सोडून धावायला लागायचं आणि तिला त्याचा पत्ताही लागत नसे, किंवा लागला तरी ती सांगत नसे. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक गोळी देऊन ठेवली होती. धडधड बिघडली की ताबडतोब घ्यायची आणि तसंच दवाखान्यात यायचं. पण बिघडली हे कळणार कसं? म्हणून नागपूरला शिक्षिका असलेल्या कहकशाँने, त्यांच्या मुलीने, स्वतः नवं घड्याळ घेतल्यावर जुनं अम्मीच्या हातात बांधलं. ठोके चुकले की बदाम काळा पडायचा आणि घड्याळ जोरजोराने थरथरायचं. त्याने दोनदा तिला वेळेवर दवाखान्यात पोचवलं होतं.

आता अम्मीचं घड्याळ बाजारात अब्बूच्या हातावर कसं, तर त्याला कारण रशिदाच. बाजाराच्या दिवशी ती स्वतःच्या हातातून काढून ते त्यांच्या हातात बांधायची.

“तुले पाह्यजे ते, मले नाई,” रहीमभाई दर वेळी म्हणत.

“मी घरी राह्यतो. बाजूले भाभी हाय,” ती म्हणायची. “तुमी जंगलाच्या रस्त्यानं गाडी चालवत जाता. तुमाले काई झालं तं कोनाले समजन? वाघाले?”

मग ते हात पुढे करत. आठवड्यातले निम्मे दिवस बाजाराचे, ते त्यांचे. उरलेले तिचे. कहकशाँला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिने दोघांनाही सुनावलं असतं, म्हणून ती गोष्ट नवराबायकोत राहिली.

त्या संध्याकाळी घरात शिरता शिरताच रहीमभाईंनी फोन लावला.

“अब्बू, तुम्ही अपडेट काऊन केलं?” कहकशाँने विचारलं.

“मी काऊन केलं? त्यानं मांगं लागून करवून घेतलं! आता मले आकडा पाह्यजे. झाड नोको.”

“कंपनीनं जुन्या मॉडेलमधून ते काढून टाकलं म्हणे. आता हृदयाची तब्येत झाडावरून सांगते. पानं हिरवी तर सगळं बरोबर, पिवळी पडली तर डॉक्टरकडे जायचं. मी नवं घेऊन देते अम्मीला.”

“अन् हे फेकू? हे चांगलं चालू हाय, त्याचं डोकं तेवढं खराब केलं कोनं तं!”

रशिदा मागून हात पुसत आली. तिने घड्याळ काढून आपल्या हाताला बांधलं आणि कौतुकाने पाहत राहिली. “राहू द्या ना जी. किती चांगलं दिसून राह्यलं. हासते पाहा.”

“तुही धडधड गेली भोकात, तुले हासनं आवडलं!”

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ घेऊन जिशानच्या मोबाइलच्या दुकानात गेले. जिशान शेजारचाच मुलगा, त्यांना चाचा म्हणणारा. त्याने घड्याळ उलटंपालटं केलं आणि मान हलवली.

“मांगं नाई जात ते, चाचा. नवं बसलं की बसलं.”

“काऊन नाई जात? मी पैसे देतो, जुनं टाक.”

“पैशाची गोष्ट नाई. जुनं आता कुठी भेटतच नाई. नव्या घड्याळात दोन्ही हाय, झाड बी अन् बदाम बी. तुमच्यात जागा कमी, म्हनून एकच ठेवलं.” मग त्याने समजावून सांगितलं, “पह्यले कसं, ज्या वक्ताचे ठोके त्या वक्ताले दाखवत होतं. आता ते पह्यले मानूस ओळखते. रोजचे ठोके जमा करत जाते, सगळे मिळवते, अन् त्याच्यावरून झाडाले पानं देते. एक दिवस वाईट गेला म्हनून लगेच पान पिवळं नाई करत. दुसऱ्या कोनाच्या हातावर देत नाई ना तुमी?”

“बाहेरच्याले काऊन देऊ? घरातच राह्यते ते.”

“मंग काई टेन्शन नाई,” जिशान म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

रहीमभाई खोटं बोलले नव्हते. जन्मभर एका ताटात जेवलेली, एका पेटीतला धंदा केलेली बायको त्यांच्या हिशोबात दुसरी कोणी नव्हतीच. घड्याळाचा हिशोब वेगळा असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

त्यानंतर महिना-दीड महिना घरात त्या झाडाने नुसता उच्छाद मांडला. रशिदा नमाजाला बसली की ‘छान! आपण व्यायाम सुरू केला आहे’ म्हणायचं. रहीमभाई खडबडीत रस्त्याने गाडी हाकत असले की ‘दीर्घ श्वास घ्या, डोळे मिटा’ म्हणून सांगायचं. “डोळे मिटतो अन् जातो सागाच्या झाडावर,” ते गाडीवरूनच त्याच्यावर खेकसायचे. कहकशाँकडून त्यांनी कंपनीला तक्रारही लिहवून घेतली. लगेच उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ रहीमभाईंनी ते जिशानला दाखवलं, भाभीला दाखवलं, बाजारात शेजारच्या कुंकूवाल्याला दाखवलं. मोलाचा आहे तर ऐकत काऊन नाई, एवढंच त्यांना विचारायचं होतं, आणि विचारायला कोणी माणूसच नव्हता.

मध्ये ते रशिदाला डॉक्टरकडेही घेऊन गेले. त्या दिवशी तिची धडधड शहाण्यासारखी वागली, ईसीजीची पट्टी चांगली आली. डॉक्टरांनी फोनमधलं झाड पाहिलं. पानं हिरवीगार होती. गोळ्या चालू ठेवा म्हणाले.

झाडाला शिव्या घालता घालता रहीमभाईंना त्याची सवय मात्र लागली. वैताग कितीही आला तरी नजर त्याच्याकडेच जायची. घरात असलं की ते येता-जाता रशिदाचा हात वळवून पान तपासत. “हिरवं हाय ना?” ती विचारायची. “हाय. हिरवंच दाखवते नालायक,” ते म्हणायचे, आणि मनातून त्यांना बरं वाटायचं.

तो दिवस बाजाराचा नव्हता. दुपारी दोघं समोरच्या खोलीत बसून नव्या चुड्यांचे रंग वेगळे करत होते. रशिदाने हिरव्यांचा गठ्ठा दोऱ्यात ओवता ओवता बाजूला ठेवला.

“जराशी पडतो,” ती म्हणाली. “थकल्यावानी वाटून राह्यलं.”

रहीमभाईंनी तिचा हात हातात घेऊन घड्याळ पाहिलं. ‘आज आपलं हृदय प्रसन्न आहे!’ झाड डोळे मिचकावत होतं. गोळी समोरच्या फळीवर होती.

“पड,” ते म्हणाले. “मी चहा ठेवतो.”

चहा होईपर्यंत ती गेलेली होती. भाभी आली, रिक्षा आली, दवाखान्यात नेलं. तिथे काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

नागपूरहून कहकशाँ आली. रीतीप्रमाणे बायकांनी आतल्या खोलीत पडदा बांधला आणि आंघोळीची तयारी केली. रहीमभाई पडद्याच्या बाहेर बसले. आतून कोणीतरी म्हणालं, चुड्या निघत नाहीत, हात जड झाला आहे, फोडाव्या लागतील.

“फोडू नोका!” रहीमभाई एवढ्या मोठ्याने ओरडले की अंगणातली माणसं वळून पाहू लागली.

पडद्याआड जाणं त्यांना चालणार नव्हतं; मृत्यूनंतर नवऱ्याने बायकोला हात लावू नये अशी तिथली रीत होती. आजूबाजूच्या बाजारांतल्या सगळ्या बायांचे हात ज्यांनी हातात घेतले, त्यांना घरचा हात आता धरता येत नव्हता. ते पडद्याला पाठ लावून बसले आणि बाहेरूनच सांगू लागले. “साबन लावा पह्यले. अंगठा आतमंदी घ्या, तळहाताच्या बीचोबीच. आता बाजूचं हाड दाबा. जोर नोका लावू. एकेक काढा. हळू काढा, ते लवकर दुखते तिले.”

आत भाभी ते सांगतील तसं करत गेली. एकही चुडी फुटली नाही. पडद्याखालून तिने त्या बाहेर सरकवल्या आणि शेवटी घड्याळही सरकवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘कृपया घड्याळ मनगटावर नीट बांधा.’

“बांधतो रे बापा,” रहीमभाई म्हणाले आणि पहिल्यांदा रडले.

तिचा चाळिसावा दिवस झाला. कहकशाँने नागपूरला चला म्हणून हट्ट धरला, त्यांनी ऐकलं नाही. घड्याळ फेकून द्या म्हणाली, तेही ऐकलं नाही. जंगलाच्या रस्त्याने जाताना ते हातावर असलं पाहिजे, ही रशिदाची आज्ञा होती आणि ती मागे घ्यायला रशिदा राहिली नव्हती. आता ते रोज त्यांच्याच हातावर असायचं. काढून देणार कोणाला?

मार्कंड्याची जत्रा तोंडावर आली, तसे ते पुन्हा गोंडपिपरीच्या बाजारात बसले. जत्रेआधी चुड्या भरायला बायांची रांग लागली होती. गुणाबाई सगळ्यांत पुढे होती. तिला बातमी कळली होती. ती समोर बसली आणि हळूच म्हणाली, “बाई गेल्या म्हन्ते जी.”

“हो.”

तिने हात पुढे केला. रहीमभाईंनी तो माप घ्यायला हातात घेतला, आणि घड्याळ थरथरलं. वाजलंसुद्धा. त्यांनी पाहिलं. रोपट्याचं मोठं झाड झालं होतं, पानं कडेपर्यंत गच्च भरली होती, फांदीवर एक पाखरूही आणून बसवलं होतं. खाली लिहिलं होतं, ‘अभिनंदन! आपलं हृदय आता पूर्वीपेक्षा खूप निरोगी आहे. असंच चालू ठेवा!’

रहीमभाईंनी ते पुन्हा वाचलं. निरोगी? त्यांचं जेवण सुटलं होतं, झोप उडाली होती, सकाळी उठावंसं वाटत नव्हतं. हृदय सुधारलं कशाने? आणि मग जिशानचं बोलणं त्यांना एकदम लखलखीत समजलं. सगळे मिळवते, म्हणाला होता तो. त्यांचे ठोके आणि तिचे ठोके या यंत्राने एकाच माणसाचे म्हणून एकात मिळवले होते. तिच्या वाईट दिवसांना त्यांच्या धडधाकट दिवसांची पानं लावली होती. त्यांनीच हातावर बांधून बाजारोबाजारी ती पानं वाढवली होती, आणि त्याच हिरव्या पानांकडे पाहून तिला म्हटलं होतं, पड.

“का म्हन्ते जी?” गुणाबाईने विचारलं.

“म्हन्ते, हृदय सुधरलं.” त्यांनी घड्याळ तिच्याकडे वळवलं. “दोन होते, बाई. बिमार होतं ते गेलं. आता माहंच एकटं राह्यलं, तं म्हन्ते सुधरलं.”

गुणाबाईला त्यातलं किती समजलं कोण जाणे. माप केव्हाच घेऊन झालं होतं, पण रहीमभाईंनी तिचा हात सोडला नव्हता. तिनेही तो मागे घेतला नाही.

“राहू द्या, भाऊ,” ती म्हणाली. “मले घाई नाई.”

तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाया एकेक करून उन्हातच खाली बसल्या.